कागद त्यांच्या कपाटात, पुरावा आम्ही द्यायचा!

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये एका भिंतीवर वाडियार राजघराण्याचा वंशवृक्ष रंगवलेला आहे. घराण्याची परंपरा सांगते की मूळपुरुष यदुराय द्वारकेहून आला आणि १३९९ साली त्याने गादी स्थापन केली. म्हणजे नातं थेट यादवकुळाशी. पुढे या झाडाच्या फांद्या अनेकदा खुंटल्या आणि दत्तक घेऊन जोडल्या गेल्या. १८६५ साली तिसऱ्या कृष्णराजाने दत्तक घेतला, अगदी अलीकडे २०१५ सालीही दत्तकविधान झालं. द्वारका ते म्हैसूर या प्रवासाचा एक तरी कागद दाखवा, असं कुठल्या समितीने वाडियारांना विचारलं नाही. विचारणार कोण? राजाने भिंतीवर रंगवलं की तो इतिहास झाला.

त्याच म्हैसुरात नाडकचेरीच्या खिडकीवर एक दाखला मिळतो, त्याचंही नाव 'वंशवृक्ष'च. वारसनोंदीला तो लागतो. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, तलाठ्याची चौकशी, पंचांचे जबाब. कर्नाटकात १९७८ साली एक चांगला कायदा झाला. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला सरकारने दिलेली जमीन दुसऱ्या कुणी घेतली असेल, तर ती मूळ कुटुंबाला परत मिळवता येते. पण जमीन ज्याला मिळाली होती तो आपलाच आजोबा, हे नातवाने सिद्ध करायचं. जमीन दिली सरकारने, नोंद केली सरकारने, दप्तर सरकारचं. आणि सिद्ध करायचं नातवाने.

एस. एल. भैरप्पांची 'वंशवृक्ष' ही कादंबरी (१९६५) याच म्हैसूर-नंजनगूडच्या परिसरात घडते. मराठीतही ती पुष्कळ वाचली गेली. कुळाच्या शुद्धतेवर आयुष्य उभं केलेल्या श्रोत्रींना शेवटी जुन्या कागदांतून कळतं की आपला जन्मच त्या कुळातला नाही. भैरप्पा काही आपल्या बाजूचे लेखक नव्हते, पण वंशावळ नावाची वस्तू किती पोकळ असू शकते हे त्यांनीच लिहून ठेवलं. श्रोत्रींना त्या कागदांमुळे फार तर मनस्ताप झाला. आपल्याकडे कागद नसला तर ॲडमिशन जाते, नोकरी जाते, निवडून आलेलं सरपंचपदसुद्धा जातं.

मी नोकरीमुळे म्हैसुरात राहते. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. धाकट्या भावाच्या जातवैधतेसाठी कागद गोळा करायचं काम माझ्यावर आलं, कारण घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. पहिल्या पिढीतल्या प्रत्येक पदवीधराला हे ठाऊक आहे: पदवी मिळाली की तुम्ही घरचे वकील, घरचे कारकून आणि घरचे इतिहाससंशोधक होता. पगार एकाच कामाचा मिळतो.

महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्राचा कायदा २००१ सालचा, क्रमांक २३. त्याचं कलम ८ वाचा. जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आता दुसरा आकडा घ्या. १९६१च्या जनगणनेत अनुसूचित जातींची साक्षरता होती १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्यांना शाळेच्या दारात उभं केलं नाही, त्यांच्या नातवांकडे त्या शाळेचा दाखला मागायचा. पालावर जन्मलेल्या माणसाकडे घराचा उतारा मागायचा. ज्यांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली कुठे सुटला, त्यांच्याकडे १९६१ पूर्वीचा कायमच्या राहण्याचा पुरावा मागायचा. त्यांच्या आज्या-आजोबांची सरकारी नोंद कुठे असेल तर बहुधा पोलिसांच्या हजेरीत असेल.

खोटे दाखले काढणारे आहेत, म्हणून पडताळणी हवी, असं कुणी म्हणेल. हवीच. आपल्या जागा खोट्या दाखल्यांवर पळवल्या गेल्या आहेत, त्याची झळ आपल्यालाच बसली. माझा आक्षेप पडताळणीला नाही, शोधाचं ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवलं याला आहे. कागद ज्याच्या कपाटात आहे त्याने तो काढावा. माहिती अधिकाराच्या कायद्याचं कलम ४(१)(क) हेच सांगतं: सगळे अभिलेख सूची करून, अनुक्रम लावून ठेवणं हे सार्वजनिक कार्यालयाचं कर्तव्य आहे. २००५ पासून आहे हे कर्तव्य. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बघा, किती पाळलं गेलंय.

सरकारला हे जमत नाही, असंही नाही. मनात आलं की जमतं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला महसुलापासून शाळा-पोलिसांपर्यंत सगळी दप्तरं उघडली. मोडी वाचणारे बसवले. सापडलेली पानं स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली. ५० लाखांहून जास्त नोंदी मिळाल्याचं सरकारच सांगतं. २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयाने तर हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे अर्ज करणाऱ्यांसाठी गावपातळीवर समिती दिली.

या कामाला माझा विरोध नाही. गरीब कुणब्याला त्याचा कागद घरबसल्या मिळत असेल तर चांगलंच आहे. पण ज्या कोतवाल बुकाच्या पानावर कुणब्याच्या घरचा जन्म लिहिलाय, त्याच पानावर चार ओळी खाली महाराच्या, मांगाच्या, रामोशाच्या घरचा जन्म लिहिलाय. पान उघडलंच होतं, मोडी वाचणारा समोर बसलाच होता, स्कॅनर चालूच होता. मग खालच्या चार ओळींची यादी का नाही केली? वरची ओळ सरकारने शोधायची आणि खालची आम्ही रजा टाकून, म्हैसूरहून रात्रीची गाडी पकडून शोधायची, हा कुठला न्याय? ज्याच्या मोर्च्याची भीती वाटते त्याचे पूर्वज सापडतात. आपले 'जीर्ण अभिलेखात' जातात.

आणि ती नोंद गावात कुणाच्या पायांनी आली तेही लक्षात घ्या. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची खबर पोचवणं हे महाराचं वतनी काम होतं. मयताचा सांगावा घेऊन परगावी उन्हातान्हात चालत जायचं तेही त्यानेच. अख्ख्या गावाच्या जन्ममृत्यूची माहिती आपल्या माणसाच्या तोंडी होती, लेखणी मात्र कुलकर्ण्याच्या हातात. त्या लेखणीने आपल्या माणसांना कसं लिहिलं? पाटलाच्या घरचा 'रामराव', आपला 'राम्या'. 'गोंद्या बिन सख्या'. बाईला तर नावापुढे 'कोम' लावून नवऱ्याच्या खात्यात टाकलं, माहेर पुसलं. पहिल्यांदा असं पान उघडाल तेव्हा वाईट वाटेल. वाटू द्या, पण पानाचा फोटो आधी काढा.

शोधायचं कसं, हे थोडं सांगते, कारण हे आपल्याला कुणी शिकवत नाही. इंटरनेटवरची वंशावळीची सगळी यंत्रं पहिला प्रश्न आडनावाचा विचारतात, आणि तिथेच आपली गाडी अडते. खुद्द बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. आजोबा मालोजी सकपाळ, वडील सुभेदार रामजी सकपाळ, आणि साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव पडलं 'भिवा रामजी आंबेडकर'. 'आंबेडकर' टाकून शोधलं तर आजोबा सापडणार नाहीत. 'सकपाळ' टाकलं तर नातू निसटेल. त्याच्याही मागे गेलात तर आडनावच नाही, नावाच्या शेवटी 'नाक' आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची २२ नावं या 'नाक'वरूनच ओळखली जातात. म्हणून आडनाव सोडा, गाव धरा. गावाचं त्या काळचं नाव, त्या काळचा तालुका, संस्थान होतं की खालसा मुलूख, हे आधी वहीत लिहा. साताऱ्याच्या शेजारचं गाव औंध संस्थानात असेल तर त्याच्या दप्तराची वाट वेगळी.

मग शाळा. आजोबा किंवा त्यांचा कुणी चुलतभाऊ चार महिने जरी शाळेत गेला असेल तरी जनरल रजिस्टरमध्ये ओळ असते. त्यात जात असते, कधी 'हिंदू महार', १९५६ नंतर 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध'. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राने १९९० साली दिला. मधल्या काळात नुसतं 'बौद्ध' लिहिलेले कागद घेऊन किती पोरांना हेलपाटे घालावे लागले, त्याची गोष्ट प्रत्येक वस्तीत आहे. धर्म सोडला म्हणून कागदाने सूड उगवला.

शाळेनंतर तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. इथे सालवारीने शोधावं लागतं, म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांकडून साल काढायचं. त्यांना साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोण पोटात होतं? धर्मांतराला नागपूरला कोण गेलं होतं, कुणाचं लगीन झालं होतं, कुणाचं व्हायचं होतं? भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. अशा खुंट्यांवर दोर बांधत मागे जायचं. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेत, ते घरबसल्या उतरवून घेता येतात. फेरफाराची ओळ कंटाळवाणी दिसते, पण 'मयत, वारस मुले दोन, मुलगी एक' एवढ्या चार शब्दांत अख्खं घर असतं.

आपल्या सगळ्यांत भरगच्च वंशावळी सापडतील त्या महार वतनाच्या कागदांत. वतनाची पाळी कुणाची, तक्षीम किती, वाटेकरी कोण, हे ठरवायला सरकारला आपली घराणी मोजावी लागली. गुलामीचा हिशोब चोख ठेवायचा होता, म्हणून आपले खापरपणजोबा कागदावर आले. बाबासाहेबांनी १९२८ साली ज्या वतनाविरुद्ध मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं, जे मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने संपलं, त्याच वतनाचा कागद आज जातीचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

रेकॉर्ड रूममधलं उत्तर ठरलेलं असतं: जीर्ण झालंय, वाळवी लागली, पुरात गेलं, पुढच्या आठवड्यात या. एका तहसील कार्यालयात मला तीनदा पुढच्या आठवड्यात बोलावलं. चौथ्यांदा मी भाऊसाहेबांना म्हटलं, "नाही ना? मग नाही असं लिहून द्या." लिहून द्यायची वेळ आली तेव्हा रुमाल सापडला. तुम्हीही तोंडी नकार घेऊ नका. नकलेचा लेखी अर्ज, पोच, आणि अभिलेख नसेल तर 'उपलब्ध नाही' असा सही-शिक्क्याचा दाखला. तोही पुरावाच आहे, फक्त तो त्यांच्या विरुद्धचा असतो.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांपुढे हीच भिंत होती. १८५० आणि १८६० च्या तिथल्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. मालकाचं नाव आहे, गुलामाचं वय, लिंग, रंग आहे, नाव नाही. नावानिशी ते बहुतेक पहिल्यांदा दिसतात १८७० साली. त्याच्या मागे जायला त्यांना मालकांचे कागद उलगडावे लागतात. मग तिथे काय झालं? गुलामी संपल्यावर नेमलेल्या फ्रीडमन्स ब्यूरोची दप्तरं हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या वाचून त्यांची सूची केली, सुमारे १८ लाख नावं, २०१६ पर्यंत. ते काम फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळामार्फत झालं. ही संस्था मॉर्मन चर्चची. त्याच संस्थेने भारतात येऊन कशाच्या मायक्रोफिल्म केल्या? हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या! ज्यांची नावं आधीच पंड्याने जपली होती, ती पुन्हा अमेरिकेत जपली गेली. ज्याला तीर्थाच्या घाटावर पाय ठेवू दिला नाही, त्याचं नाव त्या वहीत येणार कसं?

आपल्या भागात हे काम हेळवी करतात. कोल्हापूर-सांगलीकडे आणि कर्नाटकात ते वर्षाकाठी येतात, वही उघडून घराण्याच्या पिढ्या वाचतात, धान्य घेऊन जातात. आमच्या वस्तीत हेळवी आलेला माझ्या आजीने कधी पाहिला नव्हता. आणि गंमत बघा, हेळवी महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. दुसऱ्यांच्या पिढ्या पाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या पोराच्या दाखल्यासाठी १९६१ पूर्वीचा कागद आणावा लागतो.

म्हैसूर हे तर कागदांचं शहर. म्हैसूर विद्यापीठाने १९२८ ते १९३५ या काळात नंजुंडय्या आणि अनंतकृष्ण अय्यर यांचे म्हैसूरच्या जाती-जमातींवरचे खंड काढले. लग्नात काय करतात, मयताला काय करतात, कुठला देव, काय खातात, सगळं आहे त्यात. दलितवाड्यातल्या एका माणसाचा वंशवृक्ष नाही. त्याच्या आधी थर्स्टन आणि रिस्ली नाकं मोजत फिरले. कुणाच्या नावातलं 'नाक' त्यांना दिसलं नाही, चेहऱ्यावरच्या नाकाची रुंदी तेवढी दिसली. त्यांचे वारस अजून आहेत. जमातीच्या दाखल्यासाठी दक्षता पथक घरी येतं आणि विचारतं, कुलदैवत कोणतं, बोली कोणती, लग्न कसं लावता. या आप्तभाव चाचणीवर दावा सरसकट फेटाळता येणार नाही, ती अंतिम कसोटी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२३ साली सांगावं लागलं.

याच शहरात नोव्हेंबर १९७३ मध्ये बी. बसवलिंगप्पा म्हणाले होते की कन्नड साहित्य बहुतेक 'बूसा' आहे, गुरांना घालायचा कोंडा. केवढा गहजब झाला! दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, बसवलिंगप्पांचं मंत्रिपद गेलं, आणि त्या आगीतून कर्नाटकातली दलित चळवळ उभी राहिली. सरकारी दप्तरालाही मी बूसाच म्हणेन. फक्त हा बूसा फेकून देता येत नाही, त्यात आपले दाणे अडकलेत. ते पाखडायला सूप आपल्याच हातात हवं.

म्हणून आपल्यातल्या पदवीधरांनी मोडी शिकावी असं मला वाटतं. महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. मोडी वाचणारा आपला माणूस तालुक्याला एक जरी असला, तरी पानामागे पैसे मोजून दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचायची वेळ येणार नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन तास यासाठी निघू शकतात.

एक धोका मात्र दिसतो. कागद शोधायला लागलं की काहींना राजा सापडायला लागतो. आमचं मूळ अमुक राजवंशात, आम्ही मूळचे क्षत्रिय, असे व्हिडिओ आपल्याच पोरांच्या मोबाइलवर फिरतात. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी स्वतःच्या घराण्याला मुकुट शोधला नाही. माणसांना गावाबाहेर कुणी आणि कसं घालवलं, हे विचारलं. मला माझ्या खापरपणजोबात राजा नको. त्याने कुणाच्या बांधावर किती दिवस बिनमजुरीने राबणूक केली आणि कुठल्या साली नाही म्हटलं, ते कळलं तरी पुष्कळ.

"जातच संपवायची तर जातीचे कागद कशाला उकरता?" असं विचारणारे भेटतात, आणि ते विचारणाऱ्यांच्या घरी बहुधा छापील कुलवृत्तांत असतो. आपण उकरलं नाही म्हणून समितीने मागायचं थांबवलेलं नाही.

भावाच्या अर्जात वंशावळीचा तक्ता भरायचा होता. त्यात बाप, आजा, पणजा, चुलते, चुलतचुलते, सगळा पुरुषांचा वेल. वैधतेला पितृकुळच चालतं. मी आत्याला फोन लावला. आत्या शाळेत गेलेली नाही. तिने आजीचं माहेर, आजीच्या आईचं नाव, तिचं माहेर, तिच्या पाच बहिणी कुठल्या कुठल्या गावी दिल्या, हे सगळं एका दमात सांगितलं, आणि मधेच म्हणाली, "लिव्हतीयास का नुसतीच ऐकतीयास?" त्या बायकांपैकी एकीचंही नाव मला कोतवाल बुकात, फेरफारात, वतनाच्या रजिस्टरात सापडलेलं नाही. तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. मी वेगळ्या कागदावर सगळी नावं गावांसकट लिहिली, खाली आत्याचा अंगठा घेतला आणि तो कागद अर्जाला जोडला. खिडकीवरचा लिपिक म्हणाला, याची गरज नाही, काढून टाका. मी काढला नाही, आणि पोचेवर 'सोबत जादा कागद एक' असं लिहून घेतलं.